मर्यादापुरुष

आम्हाला सहसा कोणी काही विचारत नाही. सोसायटीच्या टाकीला कुठला रंग द्यायचा हे ठरलं तेव्हा विचारलं नाही, हॉलमध्ये टीव्ही कुठल्या भिंतीवर लावायचा हे ठरलं तेव्हा विचारलं नाही, आणि चिरंजीवांनी कॉमर्स सोडून अॅनिमेशनला जायचं ठरवलं तेव्हा तर थेट फी भरायच्या आदल्या रात्री कळवलं. अशा माणसाला एखादी बँक आपण होऊन फोन करते आणि गोड आवाजात विचारते, "सर, आपल्या क्रेडिट कार्डाची लिमिट एक लाख वीस हजारांवरून चार लाख करायची का?" तेव्हा त्या माणसाची छाती फुगली, तर त्यात छातीचा दोष नाही.

"कशावरून?" मी विचारलं.

"सर, तुमचा व्यवहार फार चांगला आहे."

माझ्या व्यवहाराबद्दल याआधीचा लेखी अभिप्राय सातवीच्या प्रगतिपुस्तकात आहे. 'वर्तन समाधानकारक.' त्यानंतर थेट ही बाई. मधल्या काळात मी नोकरी केली, लग्न केलं, कर भरला, गावच्या देवळाला वर्गणी दिली, पण व्यवहार चांगला आहे असं तोंडावर सांगायला कोणी आलं नाही. मी तिला लगेच 'हो' म्हणणार होतो. पण त्याच वेळी समोरच्या कॉम्प्युटरवर भिवंडीच्या एका पार्टीची ओळ लाल झाली आणि मी म्हणालो, "उद्या सांगतो."

ही लाल ओळ काय ते सांगायला हवं. मी सिल्वासात यार्नच्या एका कंपनीत डिस्पॅच बघतो. इथल्या वसाहतींत पॉलिएस्टरचा सरळसोट धागा आणतात, मशीनवर त्याला पीळ देऊन कुरळा करतात, बॉबिनवर गुंडाळून खोक्यांत भरतात आणि सुरत, भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव असा रवाना करतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांत करसवलतींच्या ओढीनं जे कारखाने इथे आले, त्यांत या धाग्याचा मोठा वाटा. या धंद्यात रोखीनं माल घेणाऱ्या माणसाकडे लोक संशयानं बघतात. सगळं उधारीवर, तीस दिवस, साठ दिवस, 'पार्टीचं पेमेंट आलं की' इतके दिवस. म्हणून प्रत्येक पार्टीला लिमिट ठरवून दिलेली असते. मी पार्टीचं नाव टाकलं की पडद्यावर तीन रकाने येतात: लिमिट, आउटस्टँडिंग, ओव्हरड्यू. आउटस्टँडिंग लिमिटच्या पुढे गेलं की ओळ लाल होते. लाल ओळीचा गेटपास निघत नाही. ट्रक भरून, ताडपत्री बांधून, ड्रायव्हरचा चहा पिऊन झाला असला तरी निघत नाही. या एका बाबतीत कंपनीत माझा शब्द चालतो, आणि तोही शब्द माझा नसून कॉम्प्युटरचा आहे.

आता पुढचं ऐका. ओळ लाल झाली की अर्ध्या तासात आमचे सेल्सचे साहेब खाली येतात. खुर्ची ओढतात. घरचे सगळे बरे ना, विचारतात. मग म्हणतात, "त्या भिवंडीवाल्यांची लिमिट जरा वाढवून घेऊ. चांगली पार्टी आहे."

"काल तुम्हीच म्हणालात, पार्टी जरा ढिली आहे."

"काल गोडाऊनमध्ये जागा होती."

इतक्या वर्षांच्या नोकरीत धंद्याचं शास्त्र म्हणून मला जे काही शिकायला मिळालं, ते या एका वाक्यात. पार्टीची लिमिट पार्टीच्या ऐपतीवरून वाढते असं पार्टीला वाटतं. ती वाढते आमच्या गोडाऊनवरून. खोकी छताला टेकली की आख्खं भिवंडी सज्जन दिसू लागतं. मार्चअखेरीला तर मालेगावातला प्रत्येक इसम हरिश्चंद्राचा वंशज असतो. पार्टीला मात्र पत्र जातं ते असं की, आपल्या उत्तम व्यवहाराची दखल घेऊन आम्ही सहर्ष…

दुसऱ्या दिवशी बँकेचा फोन आला तेव्हा मी त्या बाईंना सरळ विचारलं, "बाई, तुमच्याकडे पैसे फार साचलेत का?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय." म्हणजे साचले असावेत.

तरी बँका विचारतात तरी, हेही रिझर्व्ह बँकेच्या कृपेनं. २०२२ च्या निर्देशांप्रमाणे गिऱ्हाइकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड गळ्यात मारायचं नाही, लिमिट वाढवायची नाही. न विचारता कार्ड 'अपग्रेड' केलं आणि त्याचे पैसे लावले, तर ते पैसे परत करून वर त्याच्या दुप्पट दंड. नाहीतर पूर्वीची रीत याच्या उलटी. अमेरिकेत १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेनं कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात कोणी मागितलेलं नसताना सुमारे साठ हजार कार्डं टपालानं घरोघर पाठवून दिली होती. लग्नपत्रिका पाठवावी तशी. आणि लग्नाला येतात तसेच लोक आले, जेवले आणि बरेचसे आहेर न करता गेले. बँकेनं थकबाकी चार टक्के धरली होती, ती निघाली बावीस टक्के. तेव्हा विचारण्याची पद्धत ही सभ्यतेतून आली असं समजू नये. ती आहेराच्या हिशेबातून आली.

पण सिल्वासात राहणाऱ्या माणसाला फ्रेस्नोपर्यंत जायची गरज नाही. हे आमचं गावच एका न फिटलेल्या देण्यात गेलेलं होतं. १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराकडून पोर्तुगीजांच्या 'सांताना' नावाच्या जहाजाचं नुकसान झालं. भरपाई द्यायची तर रोकड कुठे होती? पुण्यात कारभार नाना फडणविसांकडे, इंग्रजांशी युद्ध चालू, पोर्तुगीजांना गोडीत ठेवणं भाग. तेव्हा १७७९ च्या तहात ठरलं की वर्षाला बारा हजार रुपयांचा वसूल येईल एवढी गावं पोर्तुगीजांना लावून द्यायची. १७८३ मध्ये नगर हवेली, आमच्या सिल्वासासकट, त्यांच्या ताब्यात गेली. बहात्तर गावं. आता बारा हजारांचा हप्ता, जहाज एक. आजच्या कुठल्याही शोरूमवाल्यानं सांगितलं असतं की चोवीस महिन्यांत मोकळे व्हाल. पण करारात हप्ते किती ते लिहायचं राहिलं. १७८३ ते १९५४, सरळ एकशे एकाहत्तर वर्षं. जहाजाचं लाकूड कुजून गेलं, पेशवाई गेली, इंग्रज आले आणि गेले, वसुली चालूच.

बरं, खातं बंद करायचं तर अर्ज कुठे द्यायचा? आज नियम आहे, थकबाकी नसेल तर गिऱ्हाइकानं सांगितल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर बँकेला दिवसाला पाचशे रुपये दंड. पोर्तुगीजांना हा नियम लागू नव्हता. म्हणून सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारख्या माणसांना जिवावर उदार होऊन यावं लागलं. खर्चासाठी पैसे हवे होते, तर लता मंगेशकरांनी पुण्यात हिराबागेत गाण्याचा कार्यक्रम केला. २२ जुलै १९५४ ला शेजारचं दादरा सुटलं, २ ऑगस्टला सिल्वासा. एवढ्यावर पोर्तुगाल गप्प बसलं नाही, १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. तिथे मोठमोठ्या वकिलांनी १७७९ च्या कागदाचा कीस पाडला. गाव दिलं होतं की नुसता गावाचा वसूल दिला होता? १९६० मध्ये न्यायालयानं सांगितलं की मराठ्यांनी दिला होता तो वसुलाचा हक्क. कागदाच्या खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते सही करण्यापूर्वी वाचावं, असं बँका सांगतात. आमच्या गावाच्या बाबतीत ते वाचायला पावणेदोनशे वर्षं आणि हेगचे न्यायाधीश लागले.

याला जोडून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. भारतात सामील व्हायच्या करारावर सही करायला इथल्या बाजूनं अधिकृत माणूस हवा होता. तेव्हा के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला ११ ऑगस्ट १९६१ ला एका दिवसापुरतं इथलं पंतप्रधान करण्यात आलं, आणि समोर नेहरू. आमच्या कंपनीत चेकवर सही करणारे साहेब रजेवर गेले की आठ दिवस पेमेंट अडतात. एका दिवसात 'ऑथराइज्ड सिग्नेटरी' तयार करण्याची ही परंपरा इथे पुढे का चालली नाही, कळत नाही.

असो. तर चार लाखांचा प्रश्न मी रात्री जेवताना घरात मांडला. मांडला म्हणजे, "बँक आपल्याला चार लाख द्यायला तयार आहे," असं अभिमानानं म्हणालो.

"देणार नाहीये," सौभाग्यवती पोळी लाटता लाटता म्हणाली. "घेऊ देणार आहे."

आमचे आबा पारोळ्याकडचे. कापसाचं रान, आयुष्यभर विविध कार्यकारी सोसायटीचं पीककर्ज. गुडघे दुखायला लागल्यापासून आमच्याकडे असतात. त्यांनी चौकशी रीतसर सुरू केली.

"सातबारा मागितला का?"

"नाही."

"जामीन कोण राहिला?"

"जामीन लागत नाही आबा."

"मग देतात कशावर?"

"विश्वासावर."

आबांनी ताटातली भाकरी बाजूला ठेवली. "मग यात काहीतरी भानगड आहे. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी माझ्या बरोबर शाळेत होता, एका पाटावर जेवलोय. तरी दर वर्षी सातबारा मागायचा."

मी त्यांना समजावून सांगितलं, की पूर्ण बिल भरलं तर पंचेचाळीस-पन्नास दिवस व्याज नाही, नाही भरलं तर 'मिनिमम ड्यू' भरायचं, तेही जड वाटलं तर दुसरी बँक 'बॅलन्स ट्रान्सफर' करून घेते, म्हणजे या कार्डाची बाकी त्या कार्डावर. हे ऐकून आबांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं.

"म्हणजे नवं-जुनं!"

ज्यांनी सोसायटीचं कर्ज काढलंय त्यांना हे सांगायला नको. एकतीस मार्चच्या आधी चार दिवसांसाठी कुणाकडून तरी रक्कम उचलायची, सोसायटीत भरून खातं चोख करायचं, लगेच नवं कर्ज मंजूर करून घ्यायचं, आणि ते ज्याचं त्याला, त्याच्या मोबदल्यासह नेऊन द्यायचं. कागदावर कर्ज फिटतं. शेतकरी तिथेच असतो, फक्त एक वर्षानं म्हातारा. आबांनी हे इतक्या वेळा केलंय की बँकेच्या ज्या योजनेला चकचकीत इंग्रजी नाव असेल तिचं देशी नाव ते तत्काळ सांगतात. माझा अंदाज आहे, रिझर्व्ह बँकेनं एखाद्या समितीवर त्यांना घ्यायला हरकत नाही.

सौभाग्यवतीनं मात्र कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं हिशेब मांडला. ती बायकांची भिशी चालवते, आणि तिच्या भिशीत आजवर एकही हप्ता बुडालेला नाही. हे कुठल्या बँकेच्या अध्यक्षाला छातीठोक सांगता येईल, बघा. समज, ती म्हणाली, कार्डावर पन्नास हजार बाकी राहिले. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. एका महिन्याचे झाले सतराशे पन्नास. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, तीनशे पंधरा. एकूण दोन हजार पासष्ट. मिनिमम ड्यू पाच टक्के धरला तर आपण भरणार अडीच हजार. मग मुद्दल किती कमी झालं?

"चारशे पस्तीस," चिरंजीव म्हणाले. कॉमर्स सोडलं असलं तरी वजाबाकी शाबूत आहे.

"आणि बाकी असताना पुढच्या महिन्यात मी किलोभर साखर घेतली, तरी तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. पन्नास दिवसांची सवलत बाकी ठेवणाऱ्याला नाही."

ग्राहक आयोगानं २००८ मध्ये म्हटलं होतं की तीस टक्क्यांवर व्याज लावणं ही अनुचित प्रथा आहे. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. व्याजाचं बँक आणि रिझर्व्ह बँक बघून घेतील. हे मी पेपरात वाचलं होतं, म्हणून सांगून टाकलं. आबांना सावकाराचे दर पाठ आहेत. ते म्हणाले, "बेचाळीस टक्के घेणारा सावकार आमच्या गावात असता, तर त्याच्या घरावरून लोक दिवसा गेले नसते. आणि इथे तो तुला 'सर' म्हणतो?"

चिरंजीवांचा पक्ष वेगळा होता. त्यांचं म्हणणं, लिमिट वापरायची नसते, ठेवायची असते. तीनशे ते नऊशे असा जो सिबिलचा आकडा असतो, तो ठरवताना आपण लिमिटचा किती भाग वापरतो हेही बघतात. तीस टक्क्यांच्या आत राहावं असा एक सल्ला सगळीकडे दिला जातो. "बाबा, तुमचं महिन्याचं बिल चाळीस हजार. एक लाख वीस हजारांत ते तेहतीस टक्के होतात. चार लाखांत दहाच. खर्च तोच, पण तुम्ही काटकसरी दिसता."

"खर्च कमी केला तर?" आबांनी विचारलं.

"त्यानंही होईल," चिरंजीव नाइलाजानं म्हणाले.

मुलाचा मुद्दा कागदावर बरोबर आहे, हे मान्य करायला हवं. पण ठेवायची म्हणून घेतलेली वस्तू नुसती ठेवली जाते का? ग्रॉस आणि सूलेलेस या दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी हजारो कार्डांचे हिशेब तपासून २००२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. लिमिट शंभरानं वाढवली की लोकांची उधारी सरासरी दहा ते चौदानं वाढते, असं त्यांना दिसलं. हे मी समजू शकतो, ज्यांची लिमिट संपत आलेली असते ते टपून बसलेले असणारच. गंमत पुढे आहे. ज्यांची उधारी लिमिटच्या अर्ध्यालाही पोचली नव्हती, त्यांनीही उधारी वाढवली. म्हणजे भूक नव्हती, ताट मोठं मिळालं. आमच्या सेल्सच्या साहेबांनी हा निबंध वाचलेला नाही, पण पार्टीची लिमिट वाढवली की पुढच्या महिन्यात पार्टीची ऑर्डर वाढते हे त्यांना पाठ आहे. त्यावरच त्यांचा बोनस असतो.

मोठ्या लिमिटचं आकर्षण काय असतं ते बघायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी वापीकडून येणाऱ्या रस्त्यावर उभं राहावं. गुजरातेत दारूबंदी. आरोग्याच्या कारणानं परवाना मिळतो, पण त्यावर महिन्याला ठरावीक युनिटं. सिल्वासात तसं काही नाही. तेव्हा गुजरातच्या नंबरांच्या गाड्या ओळीनं येतात, मधुबन धरण बघायला, दूधणीला बोटीत बसायला, वनगंगा बागेत पोरांना खेळवायला. निसर्गप्रेम एवढं की कित्येकांना रविवारी सकाळी उठवत नाही. रोज हाताशी असणारे आम्ही इथले लोक त्या मानानं बरेच बेतात असतो.

आणि लिमिट म्हणजे काय हे ज्याला खरं कळतं तो माणूस किलवणी नाक्याच्या बाजूला किराण्याचं दुकान चालवतो. शेठ मूळचे राजस्थानचे. गुजराती, हिंदी, मराठी आणि गिऱ्हाईक वारली असेल तर थोडी वारली, असं सगळं बोलतात. त्यांच्याकडे लाल कापडाच्या पुठ्ठ्याची उधारीची वही आहे. आमची लिमिट किती ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पण ती आहे. कुठल्या कंपनीचा पगार सात तारखेला होतो आणि कुठल्या कंपनीचा 'सातला होतो' असं नुसतं म्हणतात, हे त्यांना माहीत. होळीला मजूर गावी कधी जाणार, त्यातले परत कोण येणार, हेही माहीत. एका दिवाळीच्या आधी मी नेहमीसारखा तेलाचा पंधरा किलोचा डबा मागितला. शेठनी वहीकडे न बघता एक लिटरची पिशवी पुढे केली. "साहेब, अभी ये ले जाओ."

मला राग आला. घरी येऊन बोललोही, की माणसाला काही रीत असते. तिसऱ्या दिवशी कंपनीत नोटीस लागली, या वर्षी बोनस दिवाळीनंतर. शेठना ते आधी कसं कळलं? आमच्या कॅन्टीनच्या कंत्राटदारानं त्यांच्याकडून साखर निम्मी उचलली होती. लिमिट कमी केली तर गिऱ्हाइकाला कळवावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शेठनी तो पाळला. पिशवीनं कळवलं, आणि बोनस झाल्या दिवशी डबा पोऱ्याच्या खांद्यावर घरी आला. बँकेकडे माझा पॅन आहे, पगाराचा इतिहास आहे, मी मागच्या वर्षी कुठल्या हॉटेलात इडली खाल्ली तेही आहे. पण माझा बोनस अडला त्या महिन्यातही तिनं लिमिट वाढवायचा फोन केलाच असता. गोडाऊन तिचं भरलेलं, माझं नव्हे.

तरीसुद्धा नकार देणं सोपं नाही. आमच्या ओळखीतल्या एकाच्या आईला रात्री दीडला वापीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. काउंटरवर आधी डिपॉझिट. एफडी सकाळी मोडता येते, सोनं सकाळी ठेवता येतं, भाऊबंद सकाळी फोन उचलतात. रात्री दीडला फक्त कार्ड जागं असतं. त्या वेळी बेचाळीस टक्क्यांचा हिशेब कोणी करत बसत नाही आणि करूही नये. आबांनीही हे ऐकून मान हलवली. जी गोष्ट कालनिर्णयच्या मागच्या पानावर साफ तोट्याची, ती त्या काउंटरवर साफ फायद्याची असू शकते. प्रश्न एवढाच, की दवाखान्यासाठी म्हणून घेतलेली लिमिट दवाखान्याची वाट बघत शांत पडून राहील, की मधल्या मधे फ्रिज बदलून टाकील?

फ्रिज आपला असता तरी हरकत नव्हती. पण आपल्याकडे लिमिट ही एकट्याची नसते, कुळाची असते. एकाच्या कार्डावर चार लाख आहेत ही बातमी फुटली की नात्यातले सगळे त्याला आपापल्या घरी आणायच्या वस्तूंचे आकडे सांगू लागतात. "कार्ड तुमचं, हप्ते आमचे." ऑफिसातल्या एकाच्या कार्डावर आजवर तीन मोबाइल, एक वॉशिंग मशीन आणि चुलतभावाच्या मेहुण्याचं लग्नाचं केटरिंग चढलंय. हप्ते ज्यांचे होते त्यांतले दोघे आता त्याचा फोन उचलत नाहीत. बँक मात्र त्याला न चुकता फोन करते. परवा तिनं त्याचीही लिमिट वाढवू का म्हणून विचारलं. व्यवहार चांगला आहे म्हणे.

शेवटी तोडगा सौभाग्यवतीनं काढला. बँकेला चार लाखांना हो म्हणायचं. आणि मग ऑक्टोबर २०२० पासून बँकांना गिऱ्हाइकाला जी सोय द्यावी लागते, कार्ड चालू-बंद करायची आणि व्यवहारावर आपली आपण मर्यादा घालायची, ती वापरायची. अॅपमध्ये दुकानात आणि ऑनलाइन पंचवीस-पंचवीस हजार, परदेशी व्यवहार बंद. दवाखान्याची वेळ आलीच तर सरकवायची पट्टी पुढे. पट्टी सरकवायचा पासवर्ड तिच्याकडे. म्हणजे बँकेनं वर नेलेला आकडा आम्ही घरात खाली ओढून ठेवणार, आणि बँक खूश, सिबिल खूश, चिरंजीव खूश. आबा म्हणाले, "सोसायटीत असं पाहिजे होतं. कर्ज मंजूर करायचं आणि पासवर्ड बाईकडे द्यायचा. अर्धा खानदेश वाचला असता."

मी एकच अट घातली. हे घरातच राहिलं पाहिजे. कोणाला कळता कामा नये, विशेषतः नवसारीला. नवसारीला माझे साडू असतात. त्यांचा स्वभाव उमदा आहे आणि त्यांना वस्तू घ्यायची घाई असते. सौभाग्यवती म्हणाली, "मी कशाला सांगू?" एवढं म्हणून ती भांडी आवरायला आत गेली. रात्री साडेनऊला मी अॅपमध्ये संमतीचं बटण दाबलं, मग तिनं माझ्या हातातून मोबाइल घेऊन पासवर्ड बदलला.

सकाळी पावणेसातला फोन वाजला. मी झोपेत उचलला.

"भाऊ, अभिनंदन! ताई सांगत होत्या. बरं ऐका, एसी बघून ठेवलाय. हप्ते माझेच हो. फक्त एवढं सांगा, एक टनाचा घेऊ की दीडचा? हॉल जरा मोठा आहे."